गाडीला वळसा, सायकलला सरळ वाट

१९७३ च्या नोव्हेंबरमध्ये तेलटंचाईमुळे नेदरलँड्सने रविवारी मोटारी बंद ठेवल्या. टंचाई ओसरली, पण तिथल्याच ग्रोनिंगन शहराने १९७७ मध्ये जे केलं, ते मला आजही थक्क करतं! शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले. एका भागातून दुसऱ्यात मोटार थेट नेताच येत नाही. बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर जाऊन वळसा घालावा लागतो. पायी किंवा सायकलने मात्र खुशाल सरळ जा. यासाठी उड्डाणपूल नाही, बोगदा नाही, मुख्यतः एकेरी रस्त्यांची नवी मांडणी. व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला होता. आज तिथे सायकल हेच रोजचं वाहन आहे. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात, निदान पेठांसाठी, हे करून बघायलाच हवं. पेठा मुळातच चालत जाता येईल अशा अंतरात वसल्या आहेत.