मालतीच्या वाड्यावर कमल कुठे बसते?

मागच्या सुट्टीत आम्ही सात-आठ जण डिस्कॉर्डवर रोलप्ले खेळत होतो. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि आळीपाळीने लिहीत कथा पुढे न्यायची. शेवट कुणालाच माहीत नसतो. आमची कथा १९३५ च्या बडोद्यात घडत होती. माझी मालती सरदार घराण्यातली. शिकलेली, मनमोकळी, जातपात न मानणारी. दोष हवा म्हणून मी तिला 'जरा धांदरट' केलं होतं.

कमल हे पात्र माझ्या एका मैत्रिणीचं. कमलचे वडील मालतीच्याच पागेत मोतद्दार. पंधराएक दिवसांनी मैत्रिणीने खेळाबाहेर मेसेज टाकला, "अगं, तुझी मालती माझ्या घरी चारदा चहा पिऊन गेली. माझी कमल तुझ्या वाड्यावर आली तर बसणार कुठे?"

मला उत्तर येईना. वाड्यात खोल्या किती हे मी ठरवलं होतं. कमलला कुठवर येता येतं हे नाही.

धांदरटपणा हा दोष नव्हेच. दोष तो, ज्याची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते. सगळ्यांना लाडकं, सगळ्यात हुशार अशा पात्राला 'मेरी स्यू' म्हणतात. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या कथांची टर उडवणारी एक छोटी कथा लिहिली, त्यातलं हे नाव. आपली मेरी स्यू जातपात मानत नाही, एवढाच काय तो फरक.

मग वाटलं, मालतीला दुष्टच करावं. हातात चाबूक द्यावा. पण तेही सोपंच. चाबूक दिसला की वाचणारा निश्चिंत होतो, कारण आपण काही असे नाही.

खरं पात्र कसं असतं ते बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत सापडतं, आणि तेही आपल्याच गावातलं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून ते १९१७ मध्ये इथे नोकरीला आले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून निघायला लावलं. पण मला त्या जमावापेक्षा त्यांचे दोन मित्र जास्त आठवतात. हिंदू मित्र म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. दोघे मूळचे ब्राह्मण घराण्यातले. धर्मांतरानंतर नवरा उदार झाला होता, बायको तशीच कर्मठ राहिली होती, हे आंबेडकरांना मागाहून कळलं. आपल्या कॉलेजात बसून हे वाचताना जरा जास्तच टोचतं. शेवटी गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. हो, आपण संध्याकाळी भटकतो तीच.

यातला एकही मित्र दुष्ट नाही. दोघे सभ्य आहेत. दोघांकडे घर आहे आणि ऐन वेळी पुढे करायला एक सबबही. ती कुणाच्या तरी नावावर असते: नोकर, बायको, आई. मालतीला मी हेच दिलं. कमल पुस्तक परत करायला येते, मालती धावत मागच्या दारी जाते, पायरीवर तिच्याशेजारी बसून तासभर गप्पा मारते. आत बोलवत नाही. "आज घरात पूजा आहे ना गं." आणि रात्री डायरीत लिहिते की आपण किती साध्या आहोत.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. 'कमलला काही वाटलं नाही' हे मी लिहायचं नाही. दुसऱ्याच्या पात्राचं मन आपणच ठरवून टाकणं याला रोलप्लेवाले गॉडमोडिंग म्हणतात. सरदाराची मुलगी लिहिताना तो मोह फार होतो. शिवाय असा प्रसंग टाकण्याआधी समोरच्याला विचारलेलं बरं. पायरीवर बसण्याची वेळ त्याच्या घरात खरोखरच कुणावर आलेली असू शकते.

मी विचारलं. मैत्रीण म्हणाली, "लिही, पण पुढचं मी लिहिणार." तिने दोनच ओळी टाकल्या. पुढच्या वेळी कमलने पुस्तक भावाच्या हाती पाठवलं. मालती अजून विचारतेय, कमल हल्ली येत का नाही.