आधी पुढची चाकं

सकाळी ६

गॅरेजचं दार वर केलं तेव्हा अंगणातल्या गवतावर दव होतं. डेट्रॉइटच्या उत्तरेला, वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या जवळ आमचं घर. साठच्या दशकात याच रस्त्यावर रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लागत. १९९५पासून दर ऑगस्टमध्ये त्या काळच्या गाड्यांची इथे जत्रा भरते. लेकीला नुकतंच लायसन्स मिळालंय आणि यंदा आमची जुनी शेव्हेल गाडी तिला चालवायचीय. मी हो म्हटलं, पण आधी मागचे ब्रेक.

१९६८ची शेव्हेल एसएस ३९६. साडेसहा लिटरचं इंजिन, ३२५ हॉर्सपॉवर, वजन सुमारे सोळाशे किलो, आणि एवढ्या गाडीला कारखान्यातून चारही चाकांना ड्रम. पुढे डिस्क हव्या असतील तर जादा पैसे मोजायचे. त्याच कंपनीच्या कॉर्व्हेटला १९६५पासूनच चारही चाकांना डिस्क होत्या. म्हणजे जमत नव्हतं असं नाही. पळण्यावर सढळ हातानं खर्च आणि थांबण्याच्या वेळी हात आखडता, हे गणित मला कधी पटलं नाही. पुढच्या डिस्क मी दोन वर्षांपूर्वीच बसवल्या, आज मागच्या.

७.३०

गाडी स्टँडवर, मागची चाकं बाहेर. ड्रम गंजून घट्ट बसलेले. उघडण्याआधी दोघांनी मास्क लावले, कारण त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. हवेच्या नळीनं धूळ उडवायची नाही. साबणाचं पाणी मारून ओल्या फडक्यानं पुसायचं आणि फडकं पिशवीत बांधून ठेवायचं.

ड्रमला मी टाकाऊ म्हणणार नाही. चाक फिरताना शूला स्वतःच आत ओढून घेतं, त्यामुळे पायाच्या थोड्या दाबात पुष्कळ काम होतं. पण तापला की ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जायला लागतं. पाण्यातून गेलं की पुढचे दोन-तीन ब्रेक भरवशाचे नसतात. डिस्क उघडी असते, लवकर गार होते, पाणी झटकून टाकते. मागे डिस्क लावून गाडी फार कमी अंतरात थांबेल, अशी माझी समजूत नाही. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचीच चाकं करतात. मला हवंय ते दहाव्या ब्रेकलाही पेडल पहिल्यासारखंच लागणं.

८.४५

दिवसातलं सगळ्यांत नाजूक काम. जुनी ब्रेक प्लेट ॲक्सलच्या तबकडीच्या मागे असते, म्हणून ॲक्सल बाहेर काढल्याशिवाय ती निघत नाही. डिफरन्शियलच्या झाकणाचे बारा बोल्ट सैल केले, आणि गंधकाच्या उग्र वासाचं काळं ऑइल ट्रेमध्ये उतरलं. आतली आडवी पिन काढायची, ॲक्सल किंचित आत ढकलायचा, टोकाची सी आकाराची चकती चिमट्यानं उचलायची, मग ॲक्सल सरळ बाहेर येतो. पिन बाहेर असताना काहीही फिरवायचं नाही, नाहीतर आतले छोटे गिअर जागेवरून निसटतात. हे मी लेकीला तीनदा सांगितलं. दुसरी चकती तिनं काढली, माझ्यापेक्षा स्थिर हातानं.

ऑइल सील नवीन घातले. जुने चांगले दिसत होते, पण सील गळला की ऑइल थेट नव्या डिस्कवर येतं. काढलेले ड्रम आणि स्प्रिंगा खोक्यात, नाव लिहून. गाडीचं मूळ सामान फेकायचं नाही.

दुपारी १२.३०

थालीपीठ, दही. हात धुऊनही ऑइलचा वास जाईना.

१.१५

ब्रॅकेट, डिस्क, कॅलिपर, नव्या नळ्या. मास्टर सिलिंडर गेल्या रविवारीच बदलला होता. ड्रमच्या लाइनमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह साधारण दहा पीएसआय दाब धरून ठेवतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सुटतच नाहीत, घासत राहतात आणि गाडी चालताना डिस्क तापते. म्हणून नुसती चाकाकडची बाजू बदलून भागत नाही.

२.३०

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची वेळ. लेक पेडलवर, मी खाली बाटली आणि पारदर्शक नळी घेऊन.

"दाब."

"दाबला."

"धर." मी निपल उघडला, बंद केला. "सोड."

पुण्यात फियाटच्या खाली माझे वडील असेच ओरडायचे आणि मी पेडलवर असायचो. तेच चार शब्द, त्याच क्रमानं. सर्वांत लांबचं चाक आधी: मागचं उजवं, मग मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं.

पूर्ण फेरी झाली, तरी पेडल मऊच. दुसरी फेरी, तरी मऊ. शेवटी लेकच वाकून बघत म्हणाली, "बाबा, पुढच्या चाकांचे निपल वर आहेत, मागचे खाली का?" डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला होता मी. हवा वर अडकून बसणार आणि खालून नुसतं ब्रेक ऑइल येणार. ती चूक घेऊन गाडी रस्त्यावर गेली असती, या विचारानं मी थोडा वेळ खाली बसलो. मग दोन्ही उतरवले, बदलले, पुन्हा चार शब्द. कॅलिपरमधला हँडब्रेकचा स्क्रूसुद्धा लिव्हर पुन्हा पुन्हा ओढून जुळवला. आता पेडल वरच्या वर कडक.

४.४५

नवे पॅड बसवण्यासाठी ताशी ३० मैलांवरून सावकाश थांबायचं, ३० सेकंद गार होऊ द्यायचं, असं ३० वेळा. मोजणी लेकीकडे.

सायंकाळी ६.१५

बंद पडलेल्या एका दुकानाचं रिकामं पार्किंग. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. तीच आधी जाम झाली तर गाडीचं शेपूट फिरतं. मागच्या लाइनवर त्यासाठी दाब आवरणारा व्हॉल्व्ह बसवलाय, त्याला हातानं फिरवायची मूठ आहे. लेक लांब कडेला उभी राहिली, नजर चाकांवर. मी जोरात ब्रेक मारला.

"मागची आधी!"

शेपूट डावीकडे सरकल्याचं मलाही जाणवलं होतं. मागचा दाब कमी केला. पुन्हा. "जवळजवळ एकदमच." आणखी अर्धा फेरा.

"पुढची आधी, बाबा. मागची फिरत होती."

खात्रीसाठी अजून दोनदा केलं. मग तिनं किल्ली मागितली. "आता तू बाहेर उभा राहा."

मी तिच्या जागी जाऊन उभा राहिलो. शेव्हेल माझ्यासमोरून गेली, नाक खाली झुकलं, पुढचे टायर किंचाळले आणि गाडी पांढऱ्या पट्ट्याला समांतर, सरळ थांबली.