ट्रॅक्टरच्या इंजिनातील संवेदक : बिघाडाची लक्षणे व परिणाम

५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराविषयीचे कडक नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. त्यामुळे या वर्गातील बहुतेक नव्या यंत्रांत विजेवर चालणारी नियंत्रण पेटी व तिला वर्दी देणारे संवेदक आढळतात. मिस्त्री लोक यांनाच सेन्सर म्हणतात. संवेदक जे कळवील ते प्रमाण मानून पेटी डिझेल सोडते. यास्तव खोट्या वर्दीने धडधाकट इंजिनही अडते. इंजिन खरोखर बिघडत असता संवेदक गप्प राहणे, हा प्रकार मात्र अधिक घातक होय.

पाण्याची उष्णता सांगणारा संवेदक घ्या. रेडिएटरमधील पाणी फार उतरले की त्याचे टोक कोरडे पडते. मग इंजिन करपत असताही काटा खालीच राहू शकतो, आणि हेड वाकल्यावरच दोष उमगतो. शेतकरी बंधूंनी केवळ काट्यावर भिस्त न ठेवता रोज सकाळी, इंजिन थंड असता, पाणी पाहावे.

तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा किल्ली फिरविताच पेटावयास हवा व इंजिन सुरू होताच विझावयास हवा. तो मुळीच पेटत नसेल तर दिवा, तार किंवा संवेदक निकामी आहे असे समजावे. काम चालू असता दिवा पेटला तर "सेन्सर खराब असेल" असे म्हणून उरलेले तास पुरे करू नयेत. इंजिन तत्काळ बंद करून तेलाची पातळी पाहावी. पातळी ठीक असली तरी दाब असेलच असे नाही. मिस्त्रीकडून संवेदकाच्या जागी दाबमापक लावून घ्यावा. दाब योग्य निघाला तरच दोष संवेदकाचा. बेअरिंगे जळाल्यास सारे इंजिन उघडावे लागते, आणि तेवढ्यात पेरणीचा वाफसा निघून जातो.

क्रँकची गती सांगणारा संवेदक बिघडल्यास स्टार्टर फिरतो, परंतु इंजिन सुरू होत नाही. किंवा तापल्यावर बंद पडते व थंड झाल्यावर पुन्हा चालते. डिझेलचा फिल्टर तुंबल्यानेही इंजिन असेच अडते, म्हणून प्रथम तो तपासावा.

पुष्कळदा संवेदक निर्दोष असून तारच दोषी असते. उंदरांनी कुरतडलेली तार किंवा धुताना पाणी शिरून हिरवट पडलेला कपलर, हे नेहमीचे अनुभव. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात, नाहीतर नियंत्रण पेटीच जळण्याचा संभव असतो. तपासणी यंत्रावर संवेदकाचे नाव उमटले तरी तारेची खात्री केल्यावाचून नवा संवेदक घेऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी चालकांना आणखी एक गोष्ट बजावावी. या इंजिनांत डिझेलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १,००० किलोग्रॅमच्याही वर जातो. इंजिन चालू असता डिझेलची नळी सैल करून पाहण्याची जुनी रीत येथे चालणार नाही. त्या दाबाची बारीक धारही कातडी भेदून आत शिरते.