नवा फ्लॅट घेतलाय? इंटिरियरवाल्याला बोलावण्याआधी या गोष्टी तपासा

फ्लॅटची चावी हातात पडली की पहिला फोन जातो घरच्यांना आणि दुसरा इंटिरियरवाल्याला. मग वास्तुशांतीचा मुहूर्त, मॉड्युलर किचन, टीव्ही युनिट, फॉल्स सीलिंग आणि महिनाभर घरभर सुताराचा भुसा. या गडबडीत एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे घर चालतं कसं हे समजून घेणं.

विजेचा मेन स्विच कुठला, पाणी कुठून बंद होतं, गॅसचा वास आला तर आधी काय करायचं, हे पहिला घोळ झाल्यावर शोधावं लागतं. तोवर डीबी बॉक्ससमोर शू रॅक आलेला असतो आणि पाण्याचा व्हॉल्व्ह कपाटामागे गेलेला असतो. म्हणून हे सगळं फर्निचरच्या आधी बघायचं. कसं, ते पाहू.

तक्रार आधी, फर्निचर नंतर

रेरा कायदा, २०१६ मधलं कलम १४ (३) प्रत्येक नव्या फ्लॅटमालकाला माहीत असायला हवं. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा दिलेल्या सोयींमध्ये दोष आढळला आणि तो बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर ३० दिवसांत तो दुरुस्त करून देणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. तेही एक रुपया न घेता. त्याने केलं नाही, तर ग्राहक नुकसानभरपाई मागू शकतो. महाराष्ट्रात त्यासाठी महारेराकडे जाता येतं.

मग अडचण कुठे येते? समजा, पहिल्याच पावसाळ्यात बाथरूमच्या भिंतीला ओल आली. पण तोपर्यंत मालकाने टाइल्स बदललेल्या असतात, नळाची जागा हलवलेली असते. मग बिल्डर म्हणतो, ‘तुमच्या माणसाने वॉटरप्रूफिंग फोडलं.’ इथून वाद सुरू होतो आणि हातात पुरावा नसतो.

उपाय सोपा आहे. ताबा घेताना रिकाम्या घराचा सावकाश व्हिडिओ काढा. भिंती, छत, खिडक्यांच्या कडा, बाथरूमचे कोपरे, सगळं त्यात यायला हवं. सगळे नळ सोडून पाणी तुंबतंय का ते पाहा. बाथरूमच्या जाळीत कापड दाबून इंचभर पाणी भरा, २४ तास ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या घराचं छत बघून या. जे सापडेल ते ईमेलने कळवा. साइट ऑफिसमध्ये तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही.

ही भिंत पाडता येईल का?

किचन मोठं दिसावं म्हणून मधली भिंत काढायची टूम निघते. पण सध्या अनेक टॉवर ॲल्युमिनियम शटरिंगने, बोलीभाषेत ‘मायवान’ पद्धतीने बांधले जातात. यात विटांच्या ऐवजी भिंतीही काँक्रीटच्याच ओतलेल्या असतात आणि त्याच इमारतीचा भार पेलतात. अशी भिंत कापणं म्हणजे कॉलम कापण्यासारखंच.

म्हणून घराचा स्ट्रक्चरल नकाशा मागून घ्या आणि तोडफोडीआधी सोसायटीची परवानगी घ्या. खिळा ठोकतानाही स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल मारू नका. भिंतीतली वायर साधारण त्याच रेषेत गेलेली असते.

एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते

दाराजवळच्या डीबी बॉक्समध्ये स्विचची रांग असते. त्यातल्या लहान स्विचना एमसीबी म्हणतात. वायरला झेपणार नाही इतका करंट वाहू लागला किंवा शॉर्टसर्किट झालं की त्या पडतात. त्यांचं काम वायर तापून आग लागू न देणं.

पण माणसाला शॉक बसतो तेव्हा शरीरातून जाणारा करंट इतका कमी असतो की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे आरसीसीबी लागते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, यावर ती लक्ष ठेवते. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिॲम्पिअरचा फरक दिसला की क्षणाच्या आत वीज तोडते.

तिच्यावर ‘टेस्ट’ किंवा नुसतं ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबा. स्विच खाली पडला तर ठीक. पडला नाही, तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि डीबीत आरसीसीबीच नसेल, तर सोफ्याच्या आधी ती बसवा.

एमसीबी वारंवार पडते म्हणून जास्त ॲम्पिअरची टाकून घेणं ही तर घातक चूक आहे. वायर तीच राहते, फक्त तिला वाचवणारा निघून जातो.

साधा हिशेब लक्षात ठेवा. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट वीज येते. म्हणजे ६ ॲम्पिअरच्या छोट्या सॉकेटची ताकद साधारण १,३८० वॉट. इंडक्शन किंवा गिझर २,००० वॉटचा असेल तर त्याला जवळपास ८.७ ॲम्पिअर लागतात. तो १६ ॲम्पिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावायचा. एक्स्टेन्शन बोर्डवर तर मुळीच नाही.

गॅसचा वास आला तर पंखा लावायचा का?

नाही. पंखा, एक्झॉस्ट, लाइट, काहीही चालू करायचं नाही आणि चालू असेल तर बंदही करायचं नाही. दोन्ही वेळा स्विचमध्ये बारीक ठिणगी पडू शकते. जवळ जाणं सुरक्षित असेल तर रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेर गेल्यावरच फोन लावायचा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा देशभराचा हेल्पलाइन नंबर आहे. पाइप गॅस असेल तर कंपनीचा इमर्जन्सी नंबर बिलावर असतो, तो आजच सेव्ह करा.

सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो. म्हणून मॉड्युलर किचनमध्ये सिलेंडरचं कपाट हवाबंद करू नका, खालच्या बाजूला जाळी हवीच. पाइपचा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असतो, तो वर चढतो. तिथे वरची खिडकी किंवा झरोका फॉल्स सीलिंगने झाकू नका.

गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते. सुरक्षा होज ५ वर्षांनी बदलायचा. सिलेंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर ‘बी-२७’ असं काही लिहिलेलं दिसेल, म्हणजे त्या सिलेंडरची पुढची चाचणी जून २०२७ पर्यंत व्हायला हवी. ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर आणि डी डिसेंबर. तारीख उलटलेला सिलेंडर घेऊ नका.

गॅस गिझर बंद बाथरूममध्ये लावू नका. ऑक्सिजन कमी पडला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. चक्कर येते आणि कडी काढण्याआधीच माणूस बेशुद्ध पडू शकतो. गिझर बाहेर, हवेशीर जागी बसवा.

वरच्यांचं पाणी, खालच्यांचं छत

घरातला पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह शोधा आणि प्रत्येकाला दाखवून ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी तो एकदा फिरवायचा, नाहीतर क्षार धरून जाम होतो.

गळती झालीच तर खर्च कुणाचा? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. घरातल्या संडास, सिंक वगैरेमुळे होणारी गळती संबंधित सदस्याने. म्हणून आधी उगम शोधायचा, मग भांडायचं.

आग लागली तर रस्ता आहे का?

बाल्कनीला पूर्ण बंद ग्रिल लावलं की चोर आत येत नाही, पण आगीच्या वेळी आतला माणूसही बाहेर पडत नाही. ग्रिलला उघडणारी खिडकी ठेवा आणि तिची किल्ली कुठे असते ते मुलांनाही माहीत हवं. जिन्यात सायकल, कुंड्या, जुनं फर्निचर नको. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकू नका. गॅस बंद करा आणि झाकण ठेवा.

सोसायटीलाही एक प्रश्न विचारा, ‘फॉर्म बी भरला का?’ महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू आहे, असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. नळाला पाणीच नसेल, तर भिंतीवरचा लाल पाइप फक्त शोभेचा.

फ्रिजवर चिकटवायची यादी

- दर महिन्याला : आरसीसीबीचं टेस्ट बटण, गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहणं
- मे महिन्यात : खिडक्यांच्या कडा, टेरेस आणि बाल्कनीच्या जाळ्या, एसीचा पाण्याचा पाइप
- वर्षातून एकदा : गिझरची सर्व्हिसिंग, अर्थिंगची तपासणी, अग्निशामक सिलेंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का
- ताब्याला ४ वर्षं झाली की : घराची पूर्ण पाहणी आणि उरलेल्या दोषांची बिल्डरला लेखी यादी

यातली शेवटची ओळ सगळ्यात जास्त विसरली जाते. पाचवं वर्ष संपलं की तीच दुरुस्ती स्वतःच्या खिशातून करावी लागू शकते. गृहकर्जाचे हप्ते मात्र तेव्हाही चालूच असतात.