पानगळीचे जंगल आणि धुराचे मोजमाप

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या हवेत उन्हाळ्यात दोन प्रकारचा धूर मिसळतो: एक २,९२० मेगावॉट क्षमतेच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राचा, आणि दुसरा मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळताना पसरलेल्या वणव्यांचा. धूर, धूळ आणि क्षार यांच्या हवेत तरंगणाऱ्या अशा सूक्ष्म कणांना वायुकलिल म्हणतात, आणि हे कण सूर्यप्रकाश किती अडवतात ते सांगणाऱ्या संख्येला प्रकाशीय जाडी म्हणतात.

नासाच्या टेरा (१९९९) आणि अ‍ॅक्वा (२००२) या उपग्रहांवरील मोडिस उपकरणाकडे जमिनीने परावर्तित केलेला आणि कणांनी विखुरलेला प्रकाश एकत्रच पोहोचतो. तो वेगळा करण्याच्या एका प्रचलित पद्धतीत दाट झाडीचा आधार घेतात, कारण तांबड्या प्रकाशात हिरवे जंगल जवळजवळ काळे दिसते. २.१ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाला धुराचे बारीक कण फारसे अडवत नाहीत; म्हणून तेथे जमिनीची चमक मोजून तिच्यावरून तांबड्या प्रकाशातील चमक ठरवली जाते, आणि त्याहून अधिक दिसणारा प्रकाश कणांचा मानला जातो. मात्र येथील सागाचे जंगल पानगळीचे आहे. वणव्यांच्या दिवसांत ते निष्पर्ण होते, जमीन उजळते, आणि ज्या महिन्यांत मोजमापाची सर्वाधिक गरज असते त्याच महिन्यांत त्याचा आधार डळमळतो.

ही उणीव सूर्यप्रकाशमापीने भरून निघते. निरभ्र आकाशाखाली हे हातात मावणारे उपकरण अशा बेताने धरतात की सूर्याची प्रतिमा त्याच्या छोट्या खिडकीतील खुणेच्या मधोमध स्थिरावते. मग निरनिराळ्या तरंगलांब्यांच्या गाळण्यांतून येणारी तीव्रता नोंदली जाते, आणि सूर्यबिंबावर ढगाचा पातळ पदर आला तरी ती नोंद बाद करावी लागते. उपकरण थेट सूर्याकडे रोखलेले असल्यामुळे जमिनीची चमक आड येत नाही. निळ्या प्रकाशाकडून अवरक्ताकडे जाताना प्रकाशीय जाडी झपाट्याने घटली तर कण धुराचे, बारीक असतात. ती फारशी घटली नाही तर धुळीचे जाड कण अधिक असतात.

कणांखेरीज हवेतील ओझोन वायूही सूर्यप्रकाशावरून मोजता येतो; तो मात्र शोषणावरून मोजला जातो. तो ३०५ नॅनोमीटरजवळचे अतिनील किरण भरपूर, तर ३२० जवळचे बरेच कमी शोषतो, त्यामुळे दोन्ही तीव्रतांच्या गुणोत्तरावरून वातावरणातील एकूण ओझोन काढता येतो. ३०० डॉब्सन एकके म्हणजे प्रमाण दाब-तापमानाला अवघ्या ३ मिलिमीटर जाडीचा थर. यातील सुमारे ९० टक्के ओझोन उंचावरच्या स्थितांबरात असतो, त्यामुळे फुप्फुसांना आणि पिकांना अपायकारक असा जमिनीलगतचा ओझोन या बेरजेत झाकला जातो. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरील ट्रोपोमी उपकरण नायट्रोजन डायऑक्साइड टिपते, जो कोळशाच्या ज्वलनातून निघतो आणि उन्हात विघटित होऊन ओझोनच्या निर्मितीला हातभार लावतो; पण लोक प्रत्यक्ष श्वासात घेतात तो ओझोन किती, याचा निवाडा जमिनीवरच्या यंत्रानेच होतो.

म्हणूनच येथील हवेची नोंद शहरांपुरती आणि उपग्रहांपुरती ठेवणे पुरेसे नाही. मोहाच्या हंगामात धूर सोसणाऱ्या जंगलातील गावांतही वर्षभर चालणारी मापन केंद्रे हवीत.