लोहाची गोळी घेताय? मग एवढे टाळा

कळवणच्या पाड्यापाड्यांत गरोदर बायांना आशाताई जी लाल गोळी देतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. पण ती अंगी लागायला हवी!

• चहा-कॉफी : कोरा चहासुद्धा नको. चहातले टॅनिन लोहाला बांधून ठेवते. गोळीच्या आधी-नंतर किमान एक तास चहा टाळा.
• दूध, कॅल्शियमची गोळी : दोन तासांचे अंतर ठेवा.
• ॲसिडिटीचे औषध : लोह शोषायला पोटातले आम्ल लागते आणि हे औषध ते कमी करते, म्हणून दोन्ही एकत्र घेऊ नका. लोहाच्या गोळीने मळमळ होत असेल, तर ती जेवणानंतर घ्या.
• थायरॉइडची गोळी : लोहापासून चार तास दूर.
• काय चालते? पाणी, लिंबूसरबत, आवळा, पेरू. क जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते.

शौचाला काळे झाले तर घाबरून गोळी सोडू नका. ते लोहामुळेच होते. सिकलसेल असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच लोह घ्या.