नाव एक, बँड दोन : ‘ख्रिश्चन डेथ’ची वाटचाल

लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सुमारे ५० किलोमीटरवर पोमोना हे शहर आहे. १९७९ साली तेथील रॉझ विल्यम्स या जेमतेम सोळा वर्षांच्या मुलाने काही मित्रांना जमवून एक बँड उभा केला आणि त्याला ‘ख्रिश्चन डेथ’ असे नाव दिले. ‘ख्रिश्चन डिऑर’ या फ्रेंच फॅशनगृहाच्या नावावर केलेली ती कोटी होती. अमेरिकेतील गॉथिक रॉक संगीताचा आरंभ सांगताना आज याच बँडचे नाव प्रथम घेतले जाते. मात्र ज्याने हे नाव शोधले, त्याच्याकडे ते राहिले नाही.

‘गॉथिक’ हा शब्द मराठी वाचकाला वास्तुकलेमुळे परिचित आहे. टोकदार कमानी आणि दगडी श्वापदे मिरवणारे मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे त्या शैलीच्या पुनरुज्जीवनाचे ठळक उदाहरण होय. संगीतात हा शब्द १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रूढ होऊ लागला. पंक संगीताचा आक्रस्ताळेपणा ओसरत असताना काही तरुण बँड संथ, अंधाऱ्या आणि मृत्यूचे चिंतन करणाऱ्या रचनांकडे वळले. ‘बाउहाउस’ या इंग्लिश बँडचे ‘बेला लुगोसीज डेड’ हे नऊ मिनिटांहून दीर्घ गीत १९७९ मध्येच प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकातील बेला लुगोसी हा मात्र ड्रॅक्युलाची भूमिका गाजवणारा हॉलिवूडचा नट होता.

त्याच हॉलिवूडच्या परिसरात ‘ख्रिश्चन डेथ’चे संगीत वेगळ्या कारणाने अंधारले. विल्यम्सचे घर कडक बॅप्टिस्ट वळणाचे होते. १९७९ मध्येच जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना स्थापन केली आणि धर्मोपदेशकांचा आवाज अमेरिकी राजकारणात वजनदार झाला. पाप, शिक्षा, देह आणि मरण हे विल्यम्सच्या गीतांचे विषय याच वातावरणातून आले. इंग्लंडमधील बँड भयकथांशी खेळत होते, तर विल्यम्स ज्या भाषेत लहानाचा मोठा झाला त्या प्रार्थनेच्या भाषेशीच भांडत होता.

२४ मार्च १९८२ रोजी लिसा फॅन्चर यांच्या ‘फ्रंटियर रेकॉर्ड्स’ने बँडचा ‘ओन्ली थिएटर ऑफ पेन’ हा पहिला अल्बम प्रसिद्ध केला. ‘ॲडोलेसंट्स’ या पंक बँडमधून आलेल्या रिक ॲग्न्यूची गिटार, जेम्स मॅकगिअर्टीचा बेस आणि जॉर्ज बेलँजरचे ड्रम ही त्याची बाजू होती. प्रारंभीच चर्चमधल्यासारखी घंटा वाजते. गिटारचे सूर घुमत आणि विरत राहतात, चाल पुढे नेण्याचे काम बरेचसे बेस करतो, आणि या सर्वांवर विल्यम्सचा कधी कुत्सित, कधी विव्हळणारा स्वर येतो. पंकचा वेग आणि शोकगीताची छाया यांच्या या मिश्रणाला अमेरिकेत ‘डेथ रॉक’ म्हटले जाऊ लागले.

अल्बमनंतर हा संच फार काळ टिकला नाही. ॲग्न्यू बाहेर पडला. विल्यम्सने ‘पाँपेई ९९’ या बँडमधील व्हॅलर कँड, गिटान डेमोन आणि डेव्हिड ग्लास यांच्याशी हातमिळवणी केली. हा नवा संच युरोपात गेला. ‘कॅटॅस्ट्रॉफी बॅले’ हा १९८४ चा अल्बम वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. त्यात आधीचा कर्कशपणा मावळून काव्यात्म, अतिवास्तववादी सूर उमटला. १९८५ मध्ये ‘ॲशेस’ आला आणि त्याच वर्षी विल्यम्स स्वतःच्याच बँडमधून बाहेर पडला.

कँडने मात्र तेच नाव चालू ठेवून नवे अल्बम काढले. विल्यम्सने ईव्हा ओ हिच्यासह ‘शॅडो प्रोजेक्ट’ उभा केला, पण पुढे तोही पुन्हा जुन्या नावाने कार्यक्रम करू लागला. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘ख्रिश्चन डेथ’ या एकाच नावाने दोन बँड आपापले अल्बम विकत होते.

मराठी रंगभूमीला फाटाफूट नवी नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले, तेव्हा त्यांनी ‘गंधर्व नाटक मंडळी’ असे नवे नाव घेतले. जुने नाव जुन्या मंडळीकडे राहिले आणि प्रेक्षकाला कोणाच्या नाटकाला आपण जात आहोत हे कळत राहिले. ‘ख्रिश्चन डेथ’च्या बाबतीत ती स्पष्टता राहिली नाही. अमेरिकी कायद्यात व्यापारी नावावरील हक्क मुख्यतः त्याच्या सातत्याच्या वापरातून निर्माण होतो. नाव कोणाला सुचले, याला तेथे फारसे महत्त्व नसते. श्रोत्यांच्या मनातील न्याय मात्र आवाजावर चालतो. त्यामुळे हा वाद कागदावर कसाही सुटला असता, तरी चाहत्यांमध्ये तो सुटणे कठीण होते.

१९९३ मध्ये विल्यम्स आणि ॲग्न्यू लॉस एंजेलिसमध्ये एका कार्यक्रमासाठी पुन्हा एकत्र आले. १९९५ मध्ये विल्यम्सने गिटान डेमोनबरोबर ‘ड्रीम होम हार्टएक’ हा शांत, उदास अल्बम केला. दीर्घकाळ व्यसनाशी झुंजलेल्या या कलावंताने १ एप्रिल १९९८ रोजी, वयाच्या ३४ व्या वर्षी, वेस्ट हॉलिवूडमधील घरी जीवन संपवले. ज्याच्या गीतांत मृत्यू वारंवार येतो, त्याच्या अशा अंताभोवती दंतकथा रचण्याचा मोह अनेकांना होतो. पण त्याच्या सोबत्यांच्या दृष्टीने तो एका तरुण मित्राचा अकाली वियोग होता.

कँडचा ‘ख्रिश्चन डेथ’ आजही चालू असून २०२२ मध्ये त्याने ‘ईव्हिल बिकम्स रूल’ हा अल्बम प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या बँडचा संस्थापक जेमतेम सहा वर्षे त्यात अखंड राहिला, तो बँड त्याच्याविना चार दशकांच्या घरात पोहोचला आहे. तरीही गॉथिक रॉककडे नव्याने वळणारा तरुण श्रोता बहुधा १९८२ चा तो पहिला अल्बमच आधी ऐकतो. नावाचा हक्क कोणाकडेही असो, त्या अल्बमवरचा आवाज कोणाचा, याबद्दल कधीच वाद झालेला नाही.